‘पासबुक कुठं आहे ते बघून ठेव’

या अंकात नैराश्याबद्दलची, म्हणजे डिप्रेशनबद्दलची, तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राला उत्तर द्यायला अंकाची वाट पाहण्यासारखी स्थिती नव्हती, म्हणून ते हातात पडलं त्याच संध्याकाळी मी ताईंना फोन केला. आता त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, पत्र आणि आमचं बोलणं इथे देते आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या दहा पत्रांतली चार-पाच तरी याच वळणाची असतात, म्हणून जागा जास्त घेतली आहे.

पत्र पहिलं

डॉक्टर मॅडम, नमस्कार. आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. मालक ४८ वर्षांचे. स्वभाव पहिल्यापासून बोलका. पहाटे उठून बागेत फेरी मारल्याशिवाय चहा घेत नसत. यंदा फुलोऱ्यात पाऊस झाला, डाउनी रोग आला, निम्मी बाग गेली. नुकसान मागेही झालंय. तेव्हा चार दिवस चिडचिड करायचे आणि परत कामाला लागायचे. यंदा दिवाळीपासून बागेकडे जाणंच बंद केलंय. ‘अंगात त्राण नाही, डोकं जड झालंय’ म्हणतात. आमच्या डॉक्टरांनी बीपी, शुगर, कार्डिओग्राम सगळं बघितलं, नॉर्मल आहे. दोनदा सलाईन लावलं. जेवण निम्म्यावर आलंय, पट्ट्याला घरीच खिळ्याने नवीन भोक पाडलं. रात्री अडीच-तीनला उठून सोप्यात बसून राहतात. विचारलं की ‘काय नाही, तू झोप.’ जाऊबाई म्हणतात बाहेरचं आहे, दोन ठिकाणी दाखवून आलो. माझा भाऊ म्हणतो आळस भरलाय, जरा रागवून बघ. सोसायटीचं कर्ज आहे, टेन्शन असणारच हे मला कळतं. पण यालाच डिप्रेशन म्हणतात का? आणि डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायचं तर गावात काय सांगायचं?

ता. क. : परवा मला बोलावून म्हणाले, पासबुक आणि विम्याचे कागद कुठं आहेत ते बघून ठेव, तुला माहीत असलेलं बरं.

उत्तर

ताई, तुम्ही वहीची तीन पानं भरून लिहिलंत आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ता. क. मध्ये लिहिलीत. आत कुठेतरी ती तुम्हालाही टोचत होती, म्हणूनच पाकीट चिकटवण्याआधी लिहिलीत. व्यवस्थित माणूस कागदपत्रं बायकोला दाखवून ठेवतो, यात एरवी काही वावगं नाही. पण अडीच महिने जेवत नसलेला, पहाटे तीनला अंधारात बसून राहणारा माणूस हे बोलतो, तेव्हा तो निरवानिरव करतो आहे का, ही शंका घ्यायलाच हवी.

फोनवर मी तुम्हाला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आज रात्रीच त्यांना सरळ विचारा. आडून नको. ‘जीव नकोसा झालाय का तुम्हाला? मरावं असं मनात येतं का?’ या शब्दांत. तुम्ही म्हणालात, ‘मॅडम, असं विचारलं तर नसलेलं डोक्यात भरवल्यासारखं होईल.’ बावीस वर्षांत हे वाक्य मी किती नातेवाइकांकडून ऐकलं असेल, मोजदाद नाही. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. ज्याच्या मनात नसतो तो ‘काहीतरीच काय’ म्हणतो. ज्याच्या मनात असतो त्याला कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा कोणीतरी दार उघडून दिल्यासारखं होतं.

तुम्ही विचारलंत. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘रोज येतं.’ त्यानंतर तुम्ही जे केलंत ते प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवावं असं आहे. रडलात, पण रागावला नाहीत, शपथा घातल्या नाहीत, ‘पोरांचा तरी विचार करा’ म्हणाला नाहीत. फवारणीच्या औषधांच्या खोलीची किल्ली दिरांकडे दिली, घरातल्या गोळ्याही त्यांच्या ताब्यात दिल्या. मालकांना रात्री एकटं सोडलं नाही. सकाळी केसपेपर काढून सिव्हिलच्या मानसोपचार विभागात नेलंत. विचार रोज येत असेल, किंवा कसं आणि कधी हेही माणसाने ठरवलेलं असेल, तर पुढच्या सोमवारची वाट पाहायची नसते. त्याच दिवशी न्यायचं. अपरात्री असेल तर १०८ ला फोन करून अॅम्ब्युलन्स बोलवा आणि थेट कॅज्युअल्टीत जा. पोलिसांचं लचांड लागेल या भीतीने लोक घरी थांबतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असं धरलं आहे की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली असतो. त्याला शिक्षा करायची नसते, त्याच्यावर उपचार करायचे असतात.

आता तुमचा प्रश्न. यालाच डिप्रेशन म्हणतात का? हो, ताई.

आम्ही ठरवतो कसं, ते सांगते. मन सतत उदास असणं आणि कशातच गोडी न वाटणं, या दोन खुणांपैकी एक तरी हवीच. तिच्याबरोबर झोप बिघडणं, भूक किंवा वजन बदलणं, सतत थकवा, हालचाल आणि बोलणं मंदावणं किंवा उलट जिवाची तगमग, लक्ष न लागणं, आपण कुचकामी आहोत किंवा सगळी चूक आपलीच आहे असं वाटणं, मरणाचे विचार. या नऊपैकी पाच खुणा, दिवसातला बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे असल्या आणि त्यामुळे रोजचं काम अडलं, तर तो आजार धरायचा. तुमच्या पत्रातच मला सहा सापडल्या. सोप्यातली ती पहाटही या आजाराची ओळखीची खूण आहे. नेहमीपेक्षा दोन-तीन तास आधी जाग येते, सकाळी मन सगळ्यात जड असतं आणि संध्याकाळी थोडं हलकं होतं. घरचे म्हणतात, ‘संध्याकाळी बरे होते की, मग सकाळी नाटक कशाला?’ ते नाटक नसतं.

तुमच्या पत्रात ‘उदास’ हा शब्द एकदाही आलेला नाही. आपल्याकडे, विशेषतः पुरुष, ‘मन उदास आहे’ असं म्हणतच नाहीत. ‘डोकं जड आहे’, ‘कणकण वाटते’, ‘जीव घाबरतो’, ‘छातीत धडधडतं’ असं म्हणतात. म्हणून ते मनाच्या डॉक्टरकडे जात नाहीत, सलाईन लावून घ्यायला जातात. दोष कोणाचा नाही. शरीर खरंच दुखत असतं. शरीराच्या तपासण्याही करायलाच हव्यात. थायरॉइड कमी पडलं, रक्त कमी असलं, बी-१२ कमी असलं तरी माणूस असाच गळून जातो, म्हणून या तीन तपासण्या आम्ही करून घेतोच. दारूबद्दलही विचारतो, कारण झोप यावी म्हणून घेतलेली दारू पहाटेची जाग आणि उदासी दोन्ही वाढवते. पण सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे माणूसही नॉर्मल, असा अर्थ काढू नका. उलट तिथून पुढे मनाकडे बघायचं.

कर्ज आहे, बाग गेली, म्हणजे दुःखाला कारण आहे. मग तो आजार कसा, असंही तुम्ही विचारलंत. पायरीवरून घसरून हाड मोडलं तर ‘घसरलाच होता ना, मग प्लास्टर कशाला’ असं आपण म्हणत नाही. आणि उत्तर तुम्हीच पत्रात लिहिलं आहे : ‘तेव्हा चार दिवस चिडचिड करायचे आणि परत कामाला लागायचे.’ तोच माणूस, तसंच नुकसान, पण या वेळी परत उभा राहिला नाही. माणसाला दुसऱ्या कोणाशी ताडून बघू नका, त्याच्याच जुन्या वागण्याशी ताडून बघा.

हे सांगण्याचा मला अधिकार आहे असं नाही, हे मी चुकून शिकले. एमडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. वडील निवृत्त शिक्षक, पेपरातलं शब्दकोडं पेनाने सोडवणारे. मी सुट्टीत घरी आले तर ते गुडघे दुखतात म्हणत आडवे असायचे. मी मलम आणून दिलं. या नऊ खुणा मला तेव्हा तोंडपाठ होत्या, परीक्षेत लिहिल्याही होत्या. एके दिवशी रद्दीवाला आला, त्याने गठ्ठा काट्यावर ठेवला आणि वरचे पेपर घसरून अंगणात पसरले. सहा आठवड्यांचे पेपर, आणि प्रत्येकातलं कोडं कोरं. आई म्हणाली, ‘अगं, हल्ली ते बघतच नाहीत.’ मी तिथेच पायरीवर बसले. पुढे त्यांच्यावर उपचार झाले, ते बरे झाले, पण ते सहा आठवडे मी घरात असून मला दिसले नव्हते. तुमच्या मालकांनी फेरी सोडली हे तुम्हाला पहिल्या आठवड्यात दिसलं होतं, ताई. तुम्ही माझ्यापेक्षा लवकर पाहिलंत.

औषधांबद्दल. गोळी दुसऱ्या दिवशी गुण देत नाही. दोन आठवड्यांनी थोडा फरक दिसू लागतो, पूर्ण गुण यायला सहा आठवडे लागू शकतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, थोडी बेचैनी होते, ती बहुतेकांची कमी होते. नेमकं याच काळात लोक ‘सोसत नाही’ म्हणून गोळ्या बंद करतात. बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. आणि एक सावधगिरी आवर्जून. आधी झोप आणि अंगातली ताकद परत येते, मनातला अंधार मागाहून हटतो. म्हणून माणूस उठून फिरायला लागला की किल्ली लगेच परत आणू नका. पहिले काही आठवडे लक्ष जास्तच ठेवा.

सवय लागते का? उदासीवरच्या या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, मात्र त्या एकदम थांबवायच्याही नसतात, हळूहळू कमी करतात. सवय लागते ती झोपेच्या गोळ्यांची, त्या महिनोन्‌महिने परस्पर घेतल्या तर. दोन्ही एकच समजून लोक चुकीची गोळी सोडतात आणि चुकीची धरून बसतात. बरं वाटू लागल्यावरही औषध साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवावं लागतं, नाहीतर आजार उलटतो.

बाहेरचं बघण्यावरून जाऊबाईंशी भांडू नका. देवळात जा, नवस बोला, त्याने तुम्हाला आधार मिळत असेल तर मी कोण नको म्हणणारी? पण जो कोणी डॉक्टरची गोळी थांबवा म्हणेल, त्याच्याकडे परत जायचं नाही. आणि भावाला माझा निरोप द्या. रागावून हा आजार गेला असता तर दिवाळीतच गेला असता. तुमचे मालक स्वतःला रोज रागावतच असतात, तेही पहाटे तीनपासून.

गावात काय सांगायचं? ‘झोप आणि अशक्तपणासाठी सिव्हिलची ट्रीटमेंट चालू आहे’ एवढं पुरे, आणि ते खोटंही नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली, तेव्हा दर वीस प्रौढांत एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन गेल्याचं दिसलं. तुमच्या गावात दोन हजार मोठी माणसं असतील तर त्या हिशेबाने शंभर जण. सांगत कोणीच नाही, एवढंच.

हे लिहीपर्यंत ताईंच्या मालकांचा सहावा आठवडा संपला आहे. वजन अजून भरलेलं नाही, सकाळी अजून जड वाटतं. पण मागच्या गुरुवारी ते बेदाण्याच्या शेडवर गेले आणि रॅकवर माल टाकताना तासभर उभे राहिले. एक घड हातात घेऊन म्हणाले, ‘साखर कमी भरलीय.’ ताईंनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. दिवाळीनंतर द्राक्षांबद्दल मालकांनी काढलेलं ते पहिलं वाक्य होतं.

पत्र दुसरं

मी २७ वर्षांचा, पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. तिसरा प्रयत्न, मुख्य परीक्षा दोन गुणांनी हुकली. महिना झाला, अभ्यासिकेत जातो आणि एकाच पानावर बसून राहतो. मित्रांचे फोन घेत नाही. मेसच्या रविवारच्या फीस्टलाही जात नाही, पूर्वी रांगेत पहिला असायचो. अंघोळ दोन-दोन दिवस राहते. ऑनलाइन चाचणी दिली, १७ गुण आले. मला खरंच काही झालंय की मी आळशी आहे? वडील म्हैस विकून पैसे पाठवतात, त्यांना काय तोंडाने सांगू?

उत्तर

आळशी माणूस अभ्यास टाळतो आणि फीस्टला पहिला जातो. तुझी फीस्टही सुटली आहे. ज्याला अभ्यास नको असतो त्याला दुसरं काहीतरी हवं असतं, मॅच, मित्र, चहाची टपरी. तुला काहीच हवंसं वाटत नाहीये, म्हणून मी याला आळस म्हणणार नाही.

तू दिलीस ती चाचणी बहुधा नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ असावी. तिचे गुण २७ पैकी असतात. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवावं, आणि १५ ते १९ म्हणजे बऱ्यापैकी तीव्र. पण ती चाचणी म्हणजे थर्मामीटर. ताप आहे हे सांगते, कशाने आहे ते सांगत नाही. निदान समोर बसूनच होतं. त्यातला नववा प्रश्न आठव, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे ‘कधीच नाही’ सोडून दुसऱ्या कशावर खूण केली असशील, तर बेरीज कितीही येवो, हे वाचून झाल्यावर लगेच १४४१६ ला फोन लाव. ती केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

तसं नसेल तरी या आठवड्यात दाखव. ससूनला मानसोपचार विभाग आहे, खर्चाची चिंता तिथे कमी. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात, औषध लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ. सौम्य नैराश्य नुसत्या बोलण्याच्या उपचाराने जाऊ शकतं, तुझ्या गुणांवरून मात्र तुला दोन्ही लागतील असं वाटतं. पूर्वी कधी याच्या उलट दिवस आले असतील, म्हणजे दोन-तीन तास झोपूनही दमायचं नाही, डोक्यात शंभर बेत, खिशातले पैसे उधळायचे, तर ते न विचारताही डॉक्टरांना सांग. त्यावरून औषध बदलतं, आणि पेशंट नेमकं हेच सांगायचं विसरतात. तू उपचार घेतोस ही माहिती तुझ्या संमतीशिवाय बाहेर न जाण्याचा हक्क कायद्याने तुला आहे.

वडिलांना निकालाबद्दल आत्ता काही सांगू नकोस. फोन करून एवढंच म्हण : ‘बाबा, महिनाभर झोप नाही, जेवण जात नाही, दवाखान्यात जायचंय, दोन दिवस इकडे याल का?’ म्हैस विकणारा बाप एसटीत बसून यायला वेळ लावणार नाही. त्यांना यायला जमत नसेल तर रूममेटला बरोबर ने. केसपेपरच्या रांगेतून एकटा माणूस परत फिरतो, हे मी पाहिलं आहे.

पत्र तिसरं

आई जाऊन दोन महिने झाले. तिचा मसाल्याचा डबा उघडला तरी रडू येतं. नातीबरोबर खेळताना हसते आणि मग हसले म्हणून अपराधी वाटतं. मुलगा म्हणतो गोळी सुरू कर. बहिणी म्हणतात आईच्या साड्या देऊन टाक, म्हणजे आठवण येणार नाही.

उत्तर

तुमचं दुःख लाटेसारखं येतं आणि ओसरतं, मधल्या वेळात तुम्ही नातीबरोबर हसता. हा शोक आहे, त्याला गोळी नको. लाट ओसरायचीच थांबली, नातही नकोशी झाली, आपण जगायला नालायक आहोत किंवा आईपाशी निघून जावं असं वाटू लागलं, तर मात्र शोक आहे म्हणून थांबू नका, दाखवा. साड्या कधी द्यायच्या ते तुम्ही ठरवा, बहिणींनी नाही. मसाल्याचा डबा मात्र वापरात ठेवा.